नदीपलीकडचं मत

ॲलनटाउन, पेनसिल्वेनिया. शनिवार, २ नोव्हेंबर २०२४. मतदान मंगळवारी, ५ तारखेला.

एकमेकांना खेटून उभी विटांची घरं, प्रत्येकाला चार-पाच पायऱ्या आणि छोटा ओटा. हॅलोविन परवाच झाला. ओट्यांवर भोपळे आणि कठड्यांना बांधलेले प्लॅस्टिकचे सांगाडे अजून तसेच आहेत. ऑक्टोबरभर या भागात पाऊस नाही, पायाखाली पानं कुरकुरतात. दारांच्या मुठींना पत्रकं लटकलीत, एकावर एक: ट्रम्प, हॅरिस, सिनेटसाठी केसी, मॅकॉर्मिक. आमच्याआधी कोणीतरी येऊन गेलंय, त्यांच्याआधीही कोणीतरी.

मी घंटी वाजवते. दाराशेजारच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागतो आणि त्यातूनच आवाज येतो.

"कोण?"

"आम्ही न्यू जर्सीहून आलोय. मंगळवारच्या मतदानाबद्दल..."

"कालही आले होते. परवाही. माझं मत देऊन झालंय. मी रात्रपाळी करून आलोय, झोपू द्या."

दिवा विझतो. माझ्याबरोबरची मुलगी फोनवर नोंद करते. ती आमच्या शेजाऱ्यांची, एडिसनमध्ये वाढलेली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. राष्ट्राध्यक्षपदासाठी यंदा पहिल्यांदा मत दिलंय. शाळेत स्पॅनिश शिकली म्हणून आम्हाला या गल्ल्या मिळाल्यात.

"मावशी, यांना 'मतदान झालं'मध्ये टाकू?"

"टाक. आणि रोज कोणी ना कोणी येऊन उठवतं म्हणाले, तेही लिही."

"ते कुठे लिहिणार? रकानाच नाहीये."

रकाने आहेत ते असे: ठाम हॅरिस, हॅरिसकडे कल, ठरलेलं नाही, ट्रम्पकडे कल, ठाम ट्रम्प, घरी नाही, नकार, घर बदललं. प्रत्येक दारामागचा माणूस यांतल्या एकात बसवायचा आणि पुढच्या दारावर जायचं. लोक बोलतात ते कुठे पोहोचवायचं, असं मी सकाळी हॅरिस यांच्या प्रचारकांच्या गॅरेजमध्ये कॉफी ओतून घेताना विचारलं. याद्या वाटणारा मुलगा दमलेला होता, पण नम्र होता. "आता आकडेच हवेत," म्हणाला.

आज दिवाळीचा पाडवा. गाडीच्या मागच्या सीटवर चकल्यांचा डबा आहे. घरी सगळे जेवायला थांबले असते. मी संध्याकाळचं सांगून निघाले. सव्वा तासाचा रस्ता, मध्ये डेलावेअर नदी. ही नदी ओलांडली की माझ्या शब्दाची किंमत वाढते, म्हणून आले. हे मला मान्य नाही, तरीही आले.

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमध्ये न्यू जर्सीची १४ मतं आहेत, पेनसिल्वेनियाची १९, आणि राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात. फरक या पाचांचा नाही. आमचं राज्य १९९२ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ते ठरलेलं धरलंय. इथे मात्र २०१६ मध्ये ट्रम्प सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले आणि २०२० मध्ये बायडन सुमारे ८० हजारांनी. साठ-सत्तर लाखांच्या मतदानात हा फरक चिमूटभर, आणि त्या चिमटीसाठी सगळा पैसा, सगळी विमानं, सगळ्या सभा इथे. या निवडणुकीत माझ्या दारावर कोणी आलं नाही. आमच्याकडचं लवकरचं मतदान सुरू झालं तेव्हाच मी जाऊन मत दिलं. कोणी विचारलं नव्हतं. आणि इथल्या माणसाला झोपू देत नाहीत. एकाला गृहीत धरायचं आणि दुसऱ्याला घेरायचं, यात नागरिक म्हणून दोघांचाही मान राहत नाही.

२००० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार व्हाइट हाउसमध्ये गेला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन सुमारे २९ लाख मतांनी पुढे होत्या आणि हरल्या. देशभरात ज्याला जास्त मतं, त्यालाच आपली इलेक्टोरल मतं देऊ, असा करार काही राज्यांनी आपापसात केलाय. न्यू जर्सी त्यात २००८ मध्येच आली. आज १७ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून २०९ मतं झालीत, पण बहुमताची २७० होईपर्यंत करार लागू होत नाही. पेनसिल्वेनिया त्यात नाही. कशाला येईल? तिचं महत्त्वच जाईल.

पुढचं दार. बाई पन्नाशीच्या, हातात झाडू, आत रेडिओ चालू. मुलगी "बुएनोस दिआस" म्हणते आणि बाईंचा चेहरा सैलावतो. त्या प्वेर्तो रिकोतल्या पॉन्सेच्या. २०१७ च्या मारिया वादळात छप्पर गेलं, तेव्हा भावाकडे इथे आल्या. बहीण तिकडेच आहे. दोघी जन्मापासून अमेरिकेच्या नागरिक. बेटावरच्या माणसांना १९१७ पासून नागरिकत्व आहे. पण राष्ट्राध्यक्ष निवडायला बहिणीला मत नाही, कारण ती बेटावर राहते. यांनी विमानाचं तिकीट काढलं, ॲलनटाउनमध्ये खोली घेतली, आणि आता देशातलं सर्वांत मोलाचं मत यांच्या हातात आहे. माणूस तोच, नागरिकत्व तेच. फक्त पत्ता बदलला. इलेक्टोरल कॉलेजची बाजू घेणाऱ्यांनी एकदा या दोन बहिणींसमोर बसून ती मांडावी.

गेल्या रविवारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला समुद्रात तरंगणारं कचऱ्याचं बेट म्हटलं. दोनच दिवसांनी ट्रम्प इथे आले, पीपीएल सेंटरमध्ये, लॅटिनो लोक निम्म्याहून जास्त असलेल्या याच शहरात. गॅरेजमध्ये सकाळी सगळे त्याच विनोदाबद्दल बोलत होते. त्याने निवडणूक फिरेल अशी अनेकांना आशा आहे. बाईंना मुलगी तेच विचारते. राग आला का? आला. खूप आला. मग त्या झाडू भिंतीला टेकवतात आणि भाड्याबद्दल बोलायला लागतात. चार वर्षांत भाडं कितीदा वाढलं, घरमालक बदलला, नवा मालक फोन घेत नाही, पुतण्या बायकोसह त्यांच्याच खोलीत आलाय. मुलगी मला मराठीत सांगत जाते, मध्येच थांबते, पुन्हा ऐकते. बाई हॅरिसना मत देणार आहेत. पण त्या मुलीचा हात धरून म्हणतात, हे भाड्याचं त्यांना सांगा.

'ठाम हॅरिस.' मुलगी बटण दाबते आणि माझ्याकडे बघते.

मी खिशातली वही काढून भाड्याचं लिहून घेते.

दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत भात, राजमा, तळलेली केळी. भिंतीवरच्या टीव्हीवर जाहिराती एकामागून एक. ट्रम्प यांची जाहिरात सांगते की हॅरिस तुमच्या नाहीत, ट्रान्सजेंडर लोकांच्या आहेत. हॅरिस यांची जाहिरात गर्भपाताच्या हक्काबद्दल. पुन्हा ट्रम्प. मग सिनेटचे दोघे. जेवणारं कोणीही मान वर करत नाही. या जाहिरातींवर ओतलेल्या पैशांत या रस्त्यावरच्या किती घरांची दुरुस्ती झाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ट्रान्सजेंडर माणसं देशात मूठभर. त्यांना रोज रात्री घराघरांत बुजगावणं म्हणून उभं करणं हे मला निर्दय वाटतं. आणि आमच्या बाजूचंही सांगते. प्रचाराच्या शेवटच्या, सोन्यासारख्या दिवसांत हॅरिस इथून तासाभरावरच्या माल्व्हर्नला लिझ चेनींबरोबर मंचावर बसल्या. चेनींनी आपल्या रिपब्लिकन पक्षाविरुद्ध उभं राहून धैर्य दाखवलं, मला त्यांचा आदर आहे. पण या खानावळीत बसलेल्यांपैकी कोणाचं भाडं त्या मंचावरून कमी होणार होतं? किमान वेतन निदान १५ डॉलर हवं, हे हॅरिस स्पष्ट म्हणाल्या तोपर्यंत ऑक्टोबरची २२ तारीख उजाडली होती. पेनसिल्वेनियात ते ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. माझ्या बाजूच्या काठावर यंदा १५.१३. हा मुद्दा या रस्त्यावर ऑगस्टपासून रोज मांडायला हवा होता.

जेवण झाल्यावर पहिल्याच ओट्यावर एक माणूस पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतोय. यादीत त्याच्या नावापुढे 'ठरलेलं नाही'. तो सांगतो, ठरलंय. ट्रम्प. २०२० मध्ये बायडनना दिलं होतं. हायवेलगतच्या गोदामात काम करतो, बारा तासांची पाळी. इथल्या पोलाद कारखान्यातून वडील निवृत्त झाले, त्यांच्या एका पगारात घर चालायचं.

"तुमच्या बाई चार वर्षं तिथेच होत्या ना? अंडी, दूध, गाडीचा विमा, काय कमी केलं त्यांनी?"

मी आयातकराचं सांगते: बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवला की त्याच्याच गोदामातल्या खोक्यांची किंमत वाढेल आणि ती त्याच्याच खिशातून जाईल. तो नीट ऐकतो. मग म्हणतो, "असेल. पण तो निदान माझ्या खर्चाबद्दल बोलतो."

माझ्यासाठी ही निवडणूक ६ जानेवारी २०२१ ची आहे. नागरिकत्व घेताना उजवा हात वर करून मी या देशाच्या राज्यघटनेचं रक्षण करीन अशी शपथ घेतली. निकाल मान्य नाही म्हणून संसदेवर जमाव चालून गेला, त्या जमावाला आधी सभेतून चेतवणारा माणूस पुन्हा त्याच पदासाठी उभा आहे, आणि मला दुसरं काहीही त्यापुढे मोठं वाटत नाही. मी हे त्याला सांगते. तोही मान हलवतो, त्या दिवशीचं त्यालाही आवडलं नव्हतं. पण मला महिनाअखेरीची धास्ती नाही आणि त्याला आहे, हे आम्हा दोघांनाही त्या पायरीवर उभं राहून दिसतं. त्याला अडाणी किंवा द्वेष्टा म्हणणाऱ्यांशी मी यापुढे भांडणार आहे. तो चुकतोय असं माझं ठाम मत आहे. त्याचा प्रश्न मात्र खरा आहे.

"मंगळवारी वेळ कसा काढणार?" मी विचारते. केंद्रं सकाळी सात ते रात्री आठ. त्याची पाळी सहा ते सहा. धावत जाणार म्हणतो. मंगळवारचं मतदान १८४५ च्या कायद्याने ठरलं, शेतकऱ्यांना घोडागाडीने यायला सोयीचं म्हणून, आणि आजही त्या दिवशी देशभर सुटी नाही. काल साताऱ्याहून भावाचा फोन होता. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २० तारखेला, बुधवारी, पगारी सुटी. आमच्याकडे वाडीवर जीप येते, उमेदवार हात जोडतो, खोटंही बोलतो, पण मत देण्यासाठी रोजगार बुडवावा लागत नाही. पायरीवरचा हा माणूस ट्रम्पला मत देणारा असला तरी त्याला ती सुटी मिळायला हवी.

दुपार कलते. घरी नाही. घरी नाही. घर बदललं. टपालपेटीत पत्रक टाकणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा, म्हणून दारालाच अडकवायचं. एका घरात म्हातारे गृहस्थ टपाली मतपत्रिका भरून बसलेत, पण आतलं गुप्ततेचं पाकीट टेबलावर वेगळंच. ते नसेल तर मत मोजलं जात नाही. बाहेरच्या पाकिटावर सही आणि तारीखही हातानेच घालायची. शिवाय टपालाचा शिक्का चालत नाही, मंगळवारी रात्री आठच्या आत पाकीट काउंटीच्या कचेरीत पोहोचायलाच हवं. मतपत्रिकेकडे न बघता मुलगी एकेक पायरी समजावून सांगते. ते पाकीट आत सारतात, तारीख घालतात, मुलाला हाक मारून आजच आपल्याला कचेरीपर्यंत न्यायला सांगतात, कारण पेटीत पाकीट स्वतःच टाकायचं. दिवसभरातलं हे पंधरा मिनिटांचं काम मला सगळ्या जाहिरातींहून मोठं वाटतं. माणसाचं मत त्याच्या हातून पेटीपर्यंत जातं, एवढंच ते काम.

शेवटच्या गल्लीत एक आजी. काठी, गुडघ्याला पट्टा, दारात खुर्ची. टपाली मत मागवलेलं नाही, त्याची मुदत गेल्या मंगळवारीच संपली. केंद्र शाळेत आहे, चढावर. पोरगा फ्लोरिडात. कोणाला मत देणार ते त्या सांगत नाहीत. मीही विचारत नाही. मुलगी कार्यालयाला फोन लावते. मतदारांना नेणाऱ्या गाड्या आहेत, पण आधी अर्ज भरायचा, मग कळवतील. आणि आजी कोणत्या रकान्यात, असं पलीकडून विचारतात.

"ठरलेलं नाही," ती म्हणते आणि फोन ठेवते. मग माझ्याकडे वळते. "मावशी, मंगळवारी माझा क्लास संध्याकाळी आहे. तू सुटी टाकशील?"

मी आजींना विचारते, साडेदहा चालतील का. त्या म्हणतात, दहाला औषध असतं, अकरा बरे. मी वहीतलं पान फाडून त्यावर माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि मुलगी खाली स्पॅनिशमध्ये वार, तारीख आणि वेळ लिहिते. आजी पान डोळ्यांजवळ नेऊन वाचतात.

"गाडी उंच नाही ना? मला चढता येत नाही."

"नाही, आजी. साधी कार आहे. मी पुढची सीट मागे सरकवून ठेवीन."

"आणि शाळेत पायऱ्या आहेत की नाहीत, ते आधी बघून ठेवा," त्या म्हणतात, म्हणून आम्ही परतायच्या आधी शाळेकडे वळतो.