ऑक्टोबर ते मार्च : नाशिकच्या साध्या लाल वाइनची पाव शतकाची वाटचाल

१९९७च्या सुमारास राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा नाशिकला द्राक्ष नवं नव्हतं. पण इथली बाग होती खाण्याच्या द्राक्षांची : मोठा मणी, पातळ साल, बी नको. लाल वाइनला नेमकं उलट लागतं, कारण रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल आणि बियांतून. मणी लहान असला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. सामंतांची सुरुवातीची लागवड पांढऱ्या वाइनसाठी होती, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. २००० साली त्यांच्या ‘सुला’ कंपनीची वाइन बाजारात आली, २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल जातींनी जिल्ह्यात चांगलं मूळ धरलं.

फ्रान्समध्ये द्राक्ष उन्हाळ्यात वाढतं आणि थंडावत जाणाऱ्या शरदात पिकतं. नाशिकचं चक्र वेगळं. कडक हिवाळा नसल्याने वेल झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळाभर नुसती काडी तयार करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली की घड बाहेर पडतात. लाल द्राक्षाची तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन रोज चढत असताना. साखर झपाट्याने वाढते, आम्लता घसरते. काही दिवसांचा उशीरही वाइन जड आणि सपक करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या थंड रात्री इथे मोलाच्या ठरतात, त्या आम्लता थोडी टिकवून धरतात.

महागड्या वाइनसाठी निवडक प्लॉटचा माल घेता येतो, ओकच्या पिंपात मुरवता येतं. सर्वात कमी दरातली लाल वाइन बहुधा स्टीलच्या टाकीतून लवकर बाटलीत जाते आणि तिच्यात अनेक बागायतदारांचा माल एकत्र येतो. दिंडोरीच्या मुरमाड उतारावर पाणी झरून जातं, वेल आटोपशीर राहते. निफाडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते. वेल माजली तर पानोळा दाट होतो, मणी फुगतो, रंग फिका पडतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, निफाडला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. या सगळ्याचं मिश्रण करून चव सारखी ठेवणं, हेच साध्या वाइनचं खरं कसब.

हवामानाने ते कसब पुन्हा पुन्हा पणाला लावलं.

नोव्हेंबर २००९मध्ये फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि नाशिकलाही पाऊस झाला. फुलोऱ्यातल्या बागांना डाऊनी (केवडा) रोगाने आणि घडकुजीने घेरलं. त्याआधीच मंदीने वाइनची मागणी खाली आली होती, माल पडून होता. अनेकांनी वाइनची द्राक्षं उपटून पुन्हा खाण्याची लावली. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. पांढऱ्या जाती लवकर तोडल्या जातात. उशिरा पिकणारी लाल द्राक्षं अशा वेळी वेलीवरच सापडतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा या वादळांच्या काळात पाऊस लांबला आणि लवकर छाटलेल्या बागा सर्वाधिक भरडल्या. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात पुन्हा गारा पडल्या.

या तडाख्यांतून बागायतदारांनी काढलेला मार्ग साधा आहे : छाटणी एकाच आठवड्यात न उरकता टप्प्याटप्प्याने करायची. एका प्लॉटचा फुलोरा पावसात सापडला तरी दुसरा वाचतो. पण छाटणी उशिरा ढकलली की तोडणी मार्चच्या उन्हात जाते. म्हणजे ऑक्टोबरचा पाऊस चुकवताना वाइनची आम्लता पणाला लागते. हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो, आणि त्याचा बोजा आधी शेतकऱ्यावर पडतो.

सुलाच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’मुळे एका तालुक्याचं नाव बाटलीवर पोचलं. तोच मान साध्या लाल वाइनलाही मिळायला हवा. मिश्रणात कोणत्या तालुक्यांचा माल आहे आणि तोडणी कोणत्या महिन्यात झाली, एवढं मागच्या लेबलवर छापलं, तरी घेणाऱ्याला यंदाची चव गेल्या वर्षीपेक्षा वेगळी का लागते ते उमगेल.