दात-डोळ्यांचे खाते : काय बसते, काय नाही

अमेरिकेत नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी हा हिशेब समजून घ्यावा. तिथे मालकामार्फत पगारातून, कर लागण्याआधी, उपचारासाठी रक्कम बाजूला काढता येते. पण ज्यांना एचएसए नावाच्या आरोग्य बचत खात्यातही भर घालायची असते, त्यांना सोबत ‘लिमिटेड पर्पज एफएसए’ हे मर्यादित खातेच ठेवता येते. ते मुख्यतः दात आणि डोळ्यांच्या खर्चापुरते.

२०२० च्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधेही करमुक्त खर्चात धरली. इथेच घोटाळा होतो. सर्दीतापाची गोळी साध्या खात्यात बसते, मर्यादित खात्यात नाही. वाचनाचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचे पाणी, कवळी चिकटवण्याची पेस्ट हे चालते. टूथपेस्ट आणि ब्रश मात्र दातांचे असूनही चालत नाहीत. तो रोजच्या स्वच्छतेचा खर्च ठरतो.

आम्ही कापडवाले पक्क्या पावतीची किंमत जाणतो. मालाचे नाव, तारीख आणि रक्कम असलेली पावती जपून ठेवा. योजनेचे नियम वाचा आणि लागेल तेवढीच रक्कम टाका. पुढे नेण्याची सवलत नसेल, तर मुदतीत न वापरलेला पैसा बुडतो.