मांजर म्हातारं झालं, म्हणून?

मांजराने दहा वर्षं ओलांडली की पशुवैद्य त्याला ज्येष्ठ मानतात. घरात नीट सांभाळलेली मांजरं पंधरा वर्षं आणि त्याहून अधिकही जगतात. म्हणजे आयुष्याचा बराच भाग म्हातारपणात जातो. या काळातल्या प्रत्येक बदलाला घरोघरी एकच उत्तर मिळतं: ‘वय झालं आता तिचं.’ या उत्तरापायी कितीतरी मांजरं बरं होण्यासारखं दुखणं निमूट सोसत राहतात.

‘ती आता शांत झाली आहे.’ सर्वांत जास्त फसवणारा समज हाच. कपाटावर चढून बसणारी मांजर जमीन सोडेनाशी झाली, तर आधी सांधेदुखीचा संशय घ्यावा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा त्यांतल्या ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली. तरी ती लंगडताना क्वचितच दिसतात. बहुतेकदा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात, आणि दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभावच आहे. उडीआधी घुटमळणं, शेपटीजवळच्या केसांत गुठळ्या होणं, उचललं की गुरकावणं, एवढ्याच खुणा मिळतात. गुरकावणाऱ्या मांजरीला ‘तिरसट झाली’ म्हणण्याआधी तिची कंबर आणि गुडघे डॉक्टरांना दाखवा.

‘मुद्दाम ट्रेबाहेर घाण करते.’ मांजर सूड उगवत नाही. ट्रेची कड उंच असेल तर दुखऱ्या पायांनी ती ओलांडवत नाही. एका बाजूने उथळ असलेला ट्रे ठेवून पाहा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर लघवीच इतकी वाढते की ट्रेपर्यंत पोचेतो धीर धरवत नाही. पाण्याचं भांडं पूर्वीपेक्षा लवकर रिकामं होऊ लागलं तर उन्हाळ्यावर ढकलू नका. रक्तातलं क्रिएटिनिन मूत्रपिंडांची बरीचशी क्षमता संपल्यावरच वाढतं, म्हणून लघवीचीही तपासणी करून घ्यावी.

‘खाते भरपूर, म्हणजे ठणठणीत आहे.’ भूक वाढली आणि वजन मात्र उतरलं, तर थायरॉइडची ग्रंथी अतिसक्रिय झालेली असू शकते. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमी आढळतो. साध्या रक्ततपासणीत तो बहुधा कळतो आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतो. दर महिन्याला वजन लिहून ठेवावं. चार किलोच्या मांजरीचं चारशे ग्रॅम घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटणं.

रात्री मांजर रडलं की आपल्याकडे अजूनही अपशकुन मानतात आणि बिचारीला दाराबाहेर घालवतात. त्या ओरडण्यामागे थायरॉइड, बहिरेपण, वेदना किंवा वाढलेला रक्तदाब असू शकतो. रक्तदाबामुळे डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळंही होतं. पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून रक्तदाब मोजता येतो. ही कारणं तपासून बाजूला सारल्यावरच स्मृतिभ्रंशाचं निदान करावं.

आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, किंवा बोका लघवीसाठी नुसता कुंथत राहिला, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.