सीमारेषा व साहित्य : महाराष्ट्र–कर्नाटक

राजकीय सीमा एकमेकांत मिसळलेल्या भाषिक प्रदेशातून गेली असता तेथील लेखकांची भाषा, विषय व वाचकवर्ग यांवर होणारा परिणाम. या परिणामाचे जगप्रसिद्ध उदाहरण बर्लिनच्या भिंतीचे होय. १३ ऑगस्ट १९६१ रोजी जिची उभारणी सुरू झाली व जी ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली, त्या भिंतीने परदेशी कलावंतांनाही आकृष्ट केले. फ्रेंच चित्रकार त्येरी न्वार याने १९८४ पासून तिच्या पश्चिम अंगावर चित्रे रंगविली. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग याने १९८६ मध्ये तेच केले. जॉन ल कारे या इंग्रज लेखकाच्या द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड (१९६३) या कादंबरीचा शेवट भिंतीपाशीच होतो. डोळ्यांना दिसणारी ही भिंत कलावंतांना आयती प्रतिमाच लाभली होती. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यामध्ये अशी भिंत नाही. त्यामुळे येथील सीमेचा परिणाम दृश्य प्रतिमांपेक्षा शब्दसंग्रहात, वाक्याच्या वळणात आणि कोणत्या भाषेत लिहावयाचे या लेखकाच्या निर्णयात शोधावा लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीच्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, उत्तर कानडा हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे (१९७३ पासून कर्नाटक) गेला. सोलापूर–विजापूर मार्गावरील मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) हे गाव अलीकडे राहिले. या भागात बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदी हीच सीमा आहे. मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर घरात कन्नड व बाजारात मराठी, किंवा याच्या उलट, असा व्यवहार पूर्वीपासून चालत आला आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षीच्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे आणि निपाणी, खानापूर हा भाग महाराष्ट्रास द्यावा, तर दक्षिण सोलापूर व अक्कलकोट भागांतील गावे म्हैसूरला जोडावी, अशा शिफारशी केल्या. महाराष्ट्राने हा अहवाल फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मंद्रूपसारख्या गावाच्या दृष्टीने हा वाद केवळ नकाशाचा नव्हता. मुलांच्या शाळेची व कचेरीतील कागदाची भाषा त्यावर अवलंबून होती.

भाषांचे हे मिश्रण फार जुने आहे. बाराव्या शतकातील सोलापूरच्या सिद्धरामांची वचने कन्नडमध्ये आहेत. उलटपक्षी, भीमा–सीना संगमावरील कुडल (ता. दक्षिण सोलापूर) येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा, आनंद कुंभार यांनी प्रकाशात आणलेला लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. आद्य मराठी शिलालेखांच्या चर्चेत ज्याचे नाव हटकून येते, ते श्रवणबेळगोळ तर पूर्णपणे कर्नाटकात आहे. तेव्हा एकाच भाषेचा अखंड प्रदेश ही कल्पना येथे मुळातच तोकडी पडते.

सीमेच्या दोन्ही बाजूंना ‘परका’ लेखक कसा असू शकतो, याची दोन उदाहरणे अभ्यसनीय आहेत. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (१८९६–१९८१) यांची मातृभाषा मराठी. पण ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कन्नडमध्ये काव्यरचना करून ते त्या भाषेतील अग्रगण्य कवी झाले. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्या वर्षी सीमा आखली गेली, त्याच वर्षी त्यांचे सोलापुरातील अध्यापन संपले व ते धारवाडास परतले. नाकुतंती या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. संवाद हे पुस्तक मात्र त्यांनी मराठीत लिहिले. मराठी वाचकांनी आपल्याच भाषेच्या घरात जन्मलेल्या या कवीची उशिरा व अपुरी दखल घेतली, असेच म्हणावे लागते.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या व धारवाड येथे दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केलेल्या या कथाकाराने लेखन मात्र मराठीतच केले. निळासावळा (१९५९) पासून काजळमाया (१९७२) पर्यंतचे त्यांचे कथासंग्रह महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले व वाचले गेले. लेखक राहिला सीमेपलीकडे. सीमालढा हा त्यांच्या कथांचा विषय नाही. तथापि घर सुटलेली, कोठेही पूर्णपणे न रुजलेली माणसे त्यांच्या कथांत वारंवार भेटतात. याचे श्रेय केवळ सीमेला देणे सवंगपणाचे ठरेल, कारण नियतीविषयीचे त्यांचे चिंतन त्याहून व्यापक आहे. परंतु त्यांच्या पात्रांची नावे, खाणेपिणे, नातेसंबोधने आणि उन्हाने करपलेला मुलूख पुण्या-मुंबईच्या मराठी कथेला अपरिचित होता व त्या अपरिचयातूनच त्यांच्या भाषेला वेगळे वजन आले, हे नाकारता येत नाही. माणसे : अरभाट आणि चिल्लर या आठवणीपर पुस्तकात हा परिसर अधिक उघडपणे येतो.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या वनवास (१९९४) इ. कथासंग्रहांतील लंपन हा मुलगा अशाच कन्नड-मराठी गावात वाढतो. कन्नड शब्द व लकबी त्याच्या मराठीत सहज मिसळतात. दोन भाषा आहेत याचे त्याला नवल वाटत नाही. संत यांनी सीमा आखली जाण्यापूर्वीचे जग ती आखली गेल्यानंतर लिहिले, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांच्या मातोश्री इंदिरा संत (१९१४–२०००) बेळगावातच राहून कविता लिहीत राहिल्या. निपाणीचे महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारींतील स्त्रिया व मोटारचालक यांचे जीवन तेथील बोलीत रंगविले.

चळवळीचे साहित्याशी नाते अर्थात उघड होते. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मात्र टिकाऊ साहित्य ठरावांच्या मार्गाने फारसे आले नाही. त्याहून अधिक काम भाषांतरकारांनी केले. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या वंशवृक्ष व इतर कादंबऱ्या मराठीत आणल्या. चंद्रकांत पोकळे यांनी मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली.