तळटिपांचा मंगळवार

सकाळी ६.३०
नगरच्या पाइपलाइन रोडवर वर्दळ सुरू व्हायच्या आत मी गठ्ठा उघडते. एम. ए. इतिहासाचे संशोधन प्रकल्प आहेत, सादर करायला आठवडा उरलाय. मी आधी शेवटचं पान बघते. पहिल्याच प्रकल्पाच्या संदर्भसूचीत नोंदी अशा: ‘गुगल’, ‘विकिपीडिया’, ‘इंटरनेट’. माहिती कुठली, असं विचारल्यावर ‘एस.टी.नं आलो’ म्हणावं, तसंच हे.

७.४५
निजामशाहीवरचा प्रकल्प मात्र नेटका, तळटिपा भरपूर. एकीत १९७६ चं जिल्हा गॅझेटियर, पृष्ठ क्रमांकासह. पान काढलं, तर तिथं भलताच विषय. मग जुन्या गॅझेटियरचा, १८८४ चा सतरावा खंड पाहिला. मजकूर तिथं, त्याच पानावर. म्हणजे साल एका आवृत्तीचं आणि पान दुसरीचं. तळटीपच कुणाच्या तरी प्रबंधातून उचललेली.

१०.१५
कॉलेजात निजामशाहीवाल्या मुलीला बसवून घेतलं.
“फिरिश्ता वाचलास?”
“हो मॅडम.”
“फारसीत?”
ती हसली. वाचलं होतं एक मराठी पुस्तक. त्या लेखकानं घेतलं फिरिश्ताच्या फारसी इतिहासाच्या ब्रिग्जनं केलेल्या १८२९ च्या इंग्रजी भाषांतरातून. तळटिपेत मात्र थेट फिरिश्ता.
“तू हातात धरलंस ते पुस्तक लिही, त्याचं पान लिही. फिरिश्ता त्यात उद्धृत आहे, असं पुढे जोड.”
“पण मॅडम, मग माझं वाचन कमी दिसेल ना?”
“दिसू दे.”

तिच्याच प्रकल्पात डोंगरावरच्या इमारतीचा फोटो आहे. खाली ओळ: ‘चांदबिबीचा महाल. स्रोत: स्वतः काढलेले छायाचित्र.’ फोटोचा स्रोत चोख, नावाला मात्र कशाचाच आधार नाही. ती कबर आहे सलाबतखानाची, हे नगरच्या बहुतेकांनी कधीतरी ऐकलेलं असतं. तरी सहलीला जातात ते चांदबिबीच्या महालालाच. मी तिला प्रचलित नाव काढायला लावलं नाही. ‘या नावाने ओळखली जाणारी’ एवढं घाल आणि कबरीसाठी संदर्भ दे, म्हटलं.

दुपारी १.००
साम्य-तपासणीचा अहवाल घेऊन एक मुलगा घामाघूम. चौतीस टक्के! विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम त्याला पाठ: दहापर्यंत माफ, दहा ते चाळीसमध्ये सुधारून पुन्हा सादर करा. पण अवतरणचिन्हांत घेऊन श्रेय दिलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजायचीच नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते वगळल्यावर उरले नऊ. त्याच्या जिवात जीव आला. मी ते नऊ टक्के उघडले: एका संकेतस्थळावरची दोन पानं, अक्षर न बदलता.
“दहाच्या आत आहे ना मॅडम?”
नियमाला चालेल, मला नाही. त्यावर तो म्हणाला, “शब्द बदलून आणतो.” नेमकं हेच नकोय. आणि या टक्क्यांवर माझा फार भरवसाही नाही. जुनं मराठी पुस्तक जाळ्यावर नसेल, तर त्यातलं अख्खं प्रकरण उतरवा, यंत्र शून्य दाखवेल.

४.३०
ग्रंथालय. ‘द किंगडम ऑफ अहमदनगर’, १९६६. लेखक राधे श्याम. आडनाव आधी लिहायचा नियम पाळून कुणी ‘श्याम, राधे’ लिहिलंय, कुणी जसंच्या तसं. कोणतंही चालेल, पण सूचीभर एकच ठेवा. एकानं चॅटबॉटकडून पाच पुस्तकांची यादी आणली. दोन कुठल्याच सूचीत सापडेनात. ती खोडली.

रात्री ९.४०
फोनवर सकाळच्या मुलीचा निरोप: “मॅडम, मध्ये नवीन तळटीप घातली. आता खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे जातंय.”
‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या वरच्या टिपेतलंच पुस्तक. तिथं ‘पूर्वोक्त’ कर, लेखकाचं नाव घाल, असं कळवलं. लगेच पुढचा प्रश्न: “आणि त्याखालची?”
त्याखाली अकरा होती. एकेक उघडून बघ, म्हटलं.