सुरांमागची वीज

इसीजीची रेषा बारीक कंप पावू लागली, की आपण डॉक्टरमंडळी रुग्णाच्या हृदयाआधी अर्थिंगवर संशय घेतो. घरच्या संगीतसंचातून घुमणारा हुंकार हा बहुधा त्याच ५० हर्ट्झचा भाऊबंद. टीव्हीची केबल काढताच तो थांबला, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील तफावत हेच निदान. त्यावर अर्थची पिन कापणे हा उपचार नव्हे, जिवाशी खेळ आहे.

यावर हजारोंची पॉवर कॉर्ड सुचविली जाते. ट्रान्सफॉर्मरपासून साध्या तारांतून आलेली वीज अखेरच्या दीड मीटरमध्ये शुद्ध कशी व्हावी? घट्ट बसणारी, तीन पिनांची आयएसआय कॉर्ड पुरते. पॉवर कंडिशनरचे तसे नाही. त्यातील फिल्टर इन्व्हर्टरचा खरखराट अडवितो. (केसरबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खरखर मात्र त्या मुद्रणाचीच!) व्हॅरिस्टर दाबाचा अकस्मात लोंढा वळवितो, पण वळवून नेणार कोठे? जमिनीत. डिचोलीची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली, की विजेला सहज वाट देत नाही, आणि वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो तो नेमका तेव्हाच.

म्हणून वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, वायरमनकडून अर्थचा रोध मोजून घ्यावा, मुख्य पॅनेलवर सर्ज अरेस्टर बसवावा, कंडिशनर त्यानंतर. गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग आणि केबल, दोन्ही काढून ठेवावीत.