कुंपणच शेत खाऊ लागले तर?
संगणकातले सरकारी दप्तर सुरक्षित कसे राखतात



बांधाला काटेरी तार ओढली, मोटरीच्या पेटीला कुलूप लावले, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकली, की आपले धन सांभाळले असे आपण समजतो. पण ज्या कागदामुळे ती जमीन आपली ठरते, तो कागद आज कुठे आहे? पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात, रुमालात बांधलेला असे. आता तो संगणकात आहे. घरबसल्या मोबाईलवर सातबारा दिसतो, ही मोठी सोय झाली. पण जो उतारा घरबसल्या पाहता येतो, तो कोणी घरबसल्या बदलू तर शकणार नाही ना? शेतकरी मेळाव्यात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे शिक्षण शेतीचे. तरी हा विषय समजून घेण्यासारखा आहे, आणि वाटतो तितका अवघड नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. चोर नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कुणाकडे मागायची? म्हणून मोठ्या सरकारी खात्याचे दप्तर संगणकावर आणताना दोन कुंपणे घालावी लागतात. एक बाहेरच्या चोरासाठी आणि दुसरे आतल्या माणसासाठी.

शेजारचे उदाहरण

आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ नावाची योजना उभी राहिली. सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे संगणकात घातले गेले. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. पण खरी गंमत आत होती. संगणकावर काम करणाऱ्याला आपले बोट यंत्रावर टेकवावे लागे. केवळ परवलीचा शब्द पुरत नसे. शब्द दुसऱ्याला सांगता येतो, बोट देता येत नाही. नोंदीचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढावे लागत, त्यामुळे ओळखीच्या माणसाचा अर्ज वर सरकवणे अवघड झाले. आणि खिडकीवर दुसरा पडदा शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवलेला असे, म्हणजे आत काय टिपले जाते ते बाहेर उभ्या माणसाला दिसे. या तिन्ही गोष्टींत महागडे यंत्र थोडे आणि व्यवहारज्ञान जास्त आहे.

आतले कुंपण

आपल्याकडे फेरफाराची रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये घालून दिलेली आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते नोंद घालतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लिहिणारा हात एक आणि मंजूर करणारा दुसरा. तिजोरीला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोघांकडे असाव्यात, असाच हा प्रकार. संगणकावरील फेरफारातही हीच रीत पाळली जाते. चांगल्या यंत्रणेत ज्याला जेवढे काम, तेवढेच दार त्याला उघडते.

तिसरी गोष्ट पाऊलखुणांची. ओल्या वाफ्यातून जनावर गेले, तर खूर उमटतोच. तसे कोणी, कधी, कोणती नोंद उघडली आणि काय बदलले, हे यंत्रणेने आपोआप टिपून ठेवले पाहिजे, आणि ते टिपण काम करणाऱ्याला पुसता येता कामा नये. वाफ्याची राखण आणि खूर पुसण्याची मुभा एकाच माणसाकडे दिली, तर राखण कसली?

बाहेरचे कुंपण

आता बाहेरच्या चोराकडे वळू. संकेतस्थळावर नाव किंवा गट नंबर लिहायची चौकट असते. लबाड माणूस तिथे नावाऐवजी संगणकाला हुकूमच लिहून पाठवतो. संगणक भोळा, तपासणी नसेल तर तो हुकूम पाळतो. म्हणून बाहेरून आलेले प्रत्येक अक्षर पारखून मगच आत घ्यावे लागते. मोंढ्यात पोत्याला बांबी लावून मालाचा नमुना पाहतात, तसेच हे. शिवाय फाटकावर एकदा ओळख विचारून भागत नाही. आत आलेला माणूस शेजाऱ्याच्या खात्याचा नंबर टाकून त्याचे कागद चाळू शकतो. म्हणून प्रत्येक दाराशी पुन्हा विचारावे लागते, ‘हे खाते तुझेच का?’

परवलीचे शब्द तर जसेच्या तसे साठवायचेच नसतात. गहू दळून पीठ झाले, की पिठाचा पुन्हा गहू करता येत नाही. तसा शब्द दळूनच ठेवतात. तुम्ही पुन्हा शब्द लिहिला, की तोही दळून दोन्ही पिठे जुळतात का ते पाहतात. चोराने कोठार फोडले, तरी त्याच्या हाती गहू लागत नाही.

सरकारी संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी त्याची सुरक्षा तपासणी मान्यताप्राप्त तपासनिसाकडून करून घ्यावी लागते. दप्तराची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे तुम्हाला मी काय सांगावे!

सही कशी ओळखायची

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर शाईची सही किंवा शिक्का लागत नाही. ही सही म्हणजे कागदावर उमटवलेले चित्र नव्हे. संपूर्ण मजकुराचा गणिती गोषवारा काढून तो गुप्त किल्लीने बंद केलेला असतो. मजकुरातला एक आकडा बदलला, दोन आरचे वीस आर केले, तरी गोषवारा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. मात्र ही परीक्षा संगणकावर होते. छापलेल्या कागदावर नुसत्या डोळ्यांनी होत नाही. म्हणून कोणी जमीन विकायला उतारा पुढे केला, तर त्यावरील पडताळणी क्रमांक टाकून तो सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहा, मगच इसाराची रक्कम मोजा.

आपल्या हातचे काम

कितीही तारा ओढल्या, तरी मालकाची चक्कर नसेल तर शेत राखले जात नाही. पुढील पाच गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून करून घ्या.

१) वर्षातून दोन वेळा, खरिपाआधी आणि रब्बीआधी, आपला सातबारा व आठ-अ काढून नावे, क्षेत्र, बोजा आणि इतर हक्क वाचा. जुना उतारा शेजारी ठेवून मिळवा.

२) ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावातील फेरफाराच्या नोटिसा दिसतात. महिन्यातून दोनदा त्या पाहा. आपल्या गटावर अनोळखी नोंद दिसली, तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

३) सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात, पहिल्या तिरप्या रेघेआधी, शेवटी जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन ही इंग्रजी अक्षरे असतात. ती मधेच कुठे असून उपयोग नाही, शेवटीच हवीत.

४) किसान सन्मान निधीचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा, असा निरोप मोबाईलवर आला तर हात लावू नका. ओटीपी हा तुमचा अंगठा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देत नाही, तसा फोनवर ओटीपी देऊ नका, समोरचा साहेब म्हणवत असला तरी.

५) पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

वारस नोंद राहिलेल्या, परगावी नोकरीला असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या विधवा भगिनींच्या जमिनींवर लबाडांचा डोळा आधी जातो, कारण तिथे कोणी उतारा पाहत नाही. आपला सातबारा काढाल तेव्हा शेजारच्या अशा एका घराचाही काढून त्यांना वाचून दाखवा. त्याला पाच मिनिटे लागतात. गेलेली जमीन परत मिळवायला मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.